पदरमोडीचा हिशेब

शिक्षकाच्या निवृत्तीचा समारंभ असो की आदर्श शिक्षक पुरस्काराचे मानपत्र, एक वाक्य त्यात हमखास असते : ‘प्रसंगी पदरमोड करून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी…’ पुढचा तपशील गावागणिक बदलतो. कुठे तक्ते आणि कार्डशीट, कुठे वाचनकोपऱ्यातली पुस्तके, कुठे एखाद्या मुलाची वही-पेन्सिल, कुठे सहलीचे राहिलेले पैसे, अलीकडे झेरॉक्स आणि मोबाइलचा डेटा. पदराला गाठ मारून ठेवलेला घरचा पैसा मोडायचा, ही त्या शब्दामागची कल्पना. आपल्या भाषेने या खर्चाला स्वतंत्र शब्द दिला आहे, एवढा तो आपल्या ओळखीचा.

मानपत्रात या खर्चाचा गौरव होतो, पण तो कोणत्याही हिशेबाच्या वहीत उतरत नाही. शाळेच्या जमाखर्चात तो नसतो, कारण शाळेने तो केलेला नाही. घरच्या हिशेबात तो ‘किरकोळ’ या सदरात विरघळून जातो. सरकारी व्यवहारात या खर्चाची दखल घेता येईल अशी एकच जागा तत्त्वतः उरते, ती म्हणजे आयकर. ‘तू किती कमावलेस’ हा प्रश्न आयकर विचारतो, आणि त्याला जोडूनच ‘ते कमावण्यासाठी तुला काय खर्च आला’ हा दुसरा प्रश्न यायला हवा. हा दुसरा प्रश्न शाळामास्तरांना कधी विचारला गेला, कधी विचारायचे बंद झाले आणि त्याने काय साधले, याचा इतिहास इथे पाहायचा आहे. त्यासाठी ब्रिटन, अमेरिका आणि भारत या तीन देशांचे कायदे उघडावे लागतील. ब्रिटनचा, कारण आपल्या कायद्याची शब्दकळा तिथून आली. अमेरिकेचा, कारण शिक्षकाच्या पदरमोडीसाठी खास वजावट तिथे आहे. आणि आपला, कारण तशीच एक वजावट एके काळी आपल्याकडेही होती, आणि ती आज कोणाच्या लक्षात नाही.

आधी तत्त्व समजून घेऊ. एकाच गल्लीत एक शाळा आणि एक खासगी क्लास आहे असे समजा. क्लासचा चालक खडू, फळा, संदर्भपुस्तके, इंटरनेट यांवर जे खर्च करतो ते त्याच्या धंद्याचे खर्च ठरतात. आयकर कायद्याच्या ३७व्या कलमाची अट एवढीच की, खर्च ‘पूर्णतः आणि केवळ’ व्यवसायासाठी झालेला असावा. तो वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर बसतो. शेजारच्या शाळेतला शिक्षक त्याच दुकानातून तोच खडू स्वतःच्या पैशाने घेतो, तेव्हा मात्र वजावट नाही. कारण तो नोकर आहे. नोकराचा खर्च मालकाने करायचा असतो, आणि मालकाने केला नाही तर तो मालक-नोकरांमधला प्रश्न आहे, अशी कायद्याची धारणा आहे. पगारदाराला स्वतःचा खर्च वजा करायचाच असेल, तर ब्रिटिश परंपरेच्या कायद्यात ‘पूर्णतः’ आणि ‘केवळ’ यांच्या जोडीला तिसरा शब्द येतो : ‘अनिवार्यपणे’. शिवाय तो खर्च ‘कर्तव्य बजावत असताना’ झालेला असावा लागतो. सारा घोळ या तिसऱ्या शब्दात आहे.

या शब्दांचा उगम ब्रिटनच्या १८५३ च्या आयकर कायद्यात सापडतो. नोकरीनिमित्त करावा लागणारा प्रवास, कर्तव्यासाठी घोडा बाळगणे आणि त्याची देखभाल, आणि इतर अनिवार्य खर्च, असा तो क्रम होता. मोटारी आल्या, विमाने आली, तरी १९८८ च्या ब्रिटिश कायद्यातही तो घोडा तसाच उभा होता! पुस्तकाला मात्र त्या वाक्यात कधी जागा मिळाली नाही. १९६२ मध्ये ब्रूक्स नावाच्या एका मुख्याध्यापकाचे प्रकरण इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे आले. प्राथमिक शाळेत त्यांना इतिहास शिकवावा लागे. आपले ज्ञान अपुरे आहे असे वाटून ते शनिवार-रविवारी इतिहासाच्या व्याख्यानांना गेले आणि तो खर्च त्यांनी वजावटीत मागितला. खालच्या पातळीवर तो मान्य झाला होता. उच्च न्यायालयाने तो नाकारला. व्याख्याने ऐकणे म्हणजे शिकवण्याची तयारी, प्रत्यक्ष शिकवणे नव्हे. तयारी करताना माणूस कर्तव्य बजावत नसतो. जो शिक्षक तयारीविना वर्गात जाईल त्याचा प्रश्नच नाही; जो तयारी करेल त्याने ती स्वतःच्या खर्चाने करावी.

अटलांटिकच्या पलीकडे हाच प्रश्न बारा वर्षे आधी येऊन गेला होता आणि त्याचे उत्तर उलटे मिळाले होते. नोरा पेन हिल या व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल इथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत. सत्तावीस वर्षांची नोकरी झालेली. १९४५ साली त्यांच्या अध्यापन-प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची वेळ आली. राज्याच्या नियमाने दोन वाटा दिल्या होत्या : महाविद्यालयात अभ्यासक्रम पूर्ण करायचा किंवा ठरवून दिलेली पाच पुस्तके वाचून परीक्षा द्यायची. हिलबाईंनी पहिली वाट धरली. त्या उन्हाळ्यात त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेल्या, लघुकथालेखनाचा आणि मानसशास्त्राचा अभ्यासक्रम केला आणि त्यावर्षीच्या विवरणपत्रात २३९ डॉलर ५० सेंट वजा दाखवले.

खात्याने ते अमान्य केले. कर-न्यायालयानेही १९४९ मध्ये खात्याचीच बाजू घेतली. स्वस्त पर्याय उपलब्ध असताना शिक्षक सर्वसाधारणपणे उन्हाळी वर्गालाच जातात असे गृहीत धरता येणार नाही, असा त्याचा सूर होता. अमेरिकी कायद्याची कसोटी ‘नेहमीचा आणि आवश्यक’ खर्च अशी होती. पाच पुस्तके वाचून भागत असेल, तर विद्यापीठ ‘आवश्यक’ कसे? १९५० मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. हिलबाई नवी नोकरी मिळवायला नव्हे, तर आहे ती टिकवायला गेल्या होत्या. आणि दोन वाटांपैकी अधिक चांगली वाट निवडली म्हणून खर्च ‘आवश्यक’ राहत नाही असे नाही, असे त्या न्यायाधीशांना वाटले. रक्कम किरकोळ होती, पण १९५८ मध्ये शैक्षणिक खर्चाची नियमावली आली ती याच दिशेने. आपल्या सध्याच्या कामातले कौशल्य टिकवण्या-वाढवण्यासाठी केलेले शिक्षण वजावटीस पात्र ठरले. शिक्षकाची तयारी हा त्याच्या कामाचाच भाग आहे, हे अमेरिकेत एका शिक्षिकेच्या चिकाटीमुळे नोंदले गेले.

तत्त्व जिंकले, पण हिशेबाने ते निष्प्रभ केले. १९८६ च्या करसुधारणेने पगारदारांच्या अशा सर्व खर्चांवर एक उंबरठा घातला. असे खर्च उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपेक्षा जितके जास्त, तितकेच वजा होतील. वर्षाला ४०,००० डॉलर मिळवणाऱ्या शिक्षकाचे पहिले ८०० डॉलर त्यात बुडाले. त्यातही ही वजावट घेण्यासाठी सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट सोडून एकेक खर्च मांडून दाखवावा लागे. घरभाड्याने राहणाऱ्या, साध्या पगाराच्या शिक्षकाला ते परवडत नसे. हक्क कागदावर राहिला आणि ज्याच्यासाठी तो होता त्याच्या हाती काही लागेना.

याला उत्तर म्हणून २००२ चा कायदा आला. मेन राज्याच्या सिनेटर सुझन कॉलिन्स आणि व्हर्जिनियाचे जॉन वॉर्नर यांनी पाठपुरावा केलेली ही तरतूद ९ मार्च २००२ रोजी, अर्थव्यवस्थेला चालना देण्यासाठी केलेल्या एका मोठ्या कायद्याच्या पोटात बसून संमत झाली. बालवाडीपासून बारावीपर्यंतचे शिक्षक, समुपदेशक, मुख्याध्यापक आणि मदतनीस यांना, वर्षात किमान ९०० तास काम केले असेल तर, वर्गासाठी स्वतः केलेल्या खर्चापैकी २५० डॉलरपर्यंत रक्कम थेट उत्पन्नातून वजा करता येऊ लागली. दोन टक्क्यांचा उंबरठा नाही आणि प्रमाणित वजावट सोडण्याचीही गरज नाही. एका विशिष्ट व्यवसायातल्या नोकरांसाठी कायद्याने असा वेगळा दरवाजा ठेवणे ही दुर्मीळ गोष्ट होती.

पण दरवाजा तात्पुरता होता. तरतूद दोन वर्षांपुरती होती. ती संपली की काँग्रेस ती वाढवून देई, बहुधा उशिरा आणि मागल्या तारखेपासून. २००६ सालासाठीची मुदतवाढ डिसेंबरात झाली, तोवर विवरणपत्राचे नमुने छापून झाले होते. त्यात शिक्षकांसाठी ओळच नव्हती. मग खात्याने सूचना काढली : भलत्याच वजावटीच्या तेविसाव्या ओळीवर रक्कम लिहावी आणि तिच्या डावीकडे ‘ई’ हे अक्षर काढावे. देशभरच्या शिक्षकांनी त्यावर्षी दुसऱ्याच्या ओळीत आपले एक अक्षर काढून हक्क बजावला.

२०१५ च्या डिसेंबरात तरतूद कायम झाली आणि मर्यादा महागाईशी जोडली गेली. पण वाढ पन्नास-पन्नास डॉलरच्या टप्प्यांनीच व्हायची असल्याने २००२ चे २५० डॉलर वीस वर्षे २५०च राहिले. २०२२ मध्ये ते ३०० झाले. २०१७ च्या करबदलांवेळी तर प्रतिनिधीगृहाच्या मसुद्याने ही वजावट रद्द करायचे ठरवले होते, आणि सिनेटच्या मसुद्याने दुप्पट करायचे. तडजोडीत ती होती तिथेच राहिली. त्याच कायद्याने दोन टक्क्यांच्या उंबरठ्यामागचे बाकीचे पगारदारांचे खर्च मात्र बाद केले. हिलबाईंनी मिळवलेली वाट अशी बंद झाली. २०२५ च्या कायद्याने शिक्षकांपुरती ती पुन्हा किलकिली केली आहे. २०२६ पासून, ठरावीक रकमेच्या वरचा खर्चही वजा होईल, पण एकेक खर्च मांडणाऱ्यांनाच. एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट २०२५ साठी १५,७५० डॉलर असताना असे शिक्षक किती निघतील, हे सांगायला नको.

आता या साऱ्याचे मोल पाहू. वजावट म्हणजे भरपाई नव्हे. तीनशे डॉलर वजा झाले तर तीनशे डॉलर परत मिळत नाहीत, तेवढ्या रकमेवरचा कर वाचतो. बारा टक्क्यांच्या पट्ट्यातल्या शिक्षकाचे ३६ डॉलर वाचतात, बावीस टक्क्यांच्या पट्ट्यातल्याचे ६६. ज्याचा पगार कमी त्याला मदतही कमी. उरलेले २६४ डॉलर त्याचे त्यानेच सोसायचे. अमेरिकेच्या शिक्षण-सांख्यिकी केंद्राने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१४-१५ या वर्षी सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी स्वतःचा पैसा वर्गावर खर्च केल्याचे आणि तो सरासरी ४७९ डॉलर असल्याचे दिसले. चौऱ्याण्णव टक्के! ज्या गोष्टीला आपण मानपत्रात अपवादात्मक त्याग म्हणतो, ती तिथे शाळा चालवण्याची नेहमीची रीत आहे. वजावटीने ही रीत बदलली नाही. उलट तिला शिष्टाचाराचे रूप दिले, असाही आक्षेप घेता येतो, आणि तो खोटा नाही. पण ही पदरमोड सार्वजनिक चर्चेचा विषय झाली, दर दोन वर्षांनी विधिमंडळात तिच्यावर बोलावे लागले, हेही त्या एका ओळीमुळेच.

आता आपल्याकडे वळू. १९६१ च्या आपल्या आयकर कायद्याच्या १६व्या कलमात पगारदारांच्या वजावटींची यादी होती, आणि त्या यादीतले पहिले पोटकलम पुस्तकांचे होते. कर्तव्यासाठी आवश्यक अशी पुस्तके व इतर प्रकाशने यांच्या खरेदीवर प्रत्यक्ष खर्च केलेली रक्कम, पाचशे रुपयांच्या मर्यादेत, पगारातून वजा करता येत असे. ब्रिटिश कायद्यात घोडा होता आणि पुस्तक नव्हते. आपल्या स्वतंत्र देशाच्या कायद्याने पुस्तकाला पहिली जागा दिली होती. तरतूद केवळ शिक्षकांसाठी नव्हती, पण पुस्तक हे ज्यांच्या कामाचे साधन आहे अशा नोकरदारांत शिक्षक-प्राध्यापकच आधी येतात. पुढच्या एका पोटकलमात ‘पूर्णतः, अनिवार्यपणे आणि केवळ’ कर्तव्यासाठी केलेल्या इतर खर्चांनाही वाव होता. अट अशी की, असा खर्च पगारातून करणे सेवाशर्तींनीच बंधनकारक केलेले असावे. खडू स्वतः आणावा असे कोणती शाळा नेमणूकपत्रात लिहील?

या तरतुदीचे उदात्तीकरण करू नये. त्या काळी प्राथमिक शिक्षकाचा पगार आयकराच्या मर्यादेला शिवतच नसे. खेड्यातल्या गुरुजींना पुस्तकांची वजावट म्हणजे न पेरलेल्या शेताची राखण. लाभ झाला असेल तो महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना आणि वरच्या श्रेणीतल्या मुख्याध्यापकांना. तरीही कायद्याने एक गोष्ट मान्य केली होती : पगारी नोकराला पुस्तक विकत घ्यावे लागते, आणि ते त्याच्या चैनीचे नसून कामाचे असते.

१९७४ च्या वित्त कायद्याने ही पोटकलमे काढून टाकली आणि त्यांच्या जागी प्रमाणित वजावट आणली. पगाराच्या पहिल्या दहा हजारांवर वीस टक्के, त्यापुढे दहा टक्के, कमाल ३,५०० रुपये. पावत्या नकोत, पुरावा नको. रुपयांच्या हिशेबात हा सौदा शिक्षकाच्या फायद्याचाच होता. वर्षाला दहा हजार पगार असणाऱ्याची दोन हजारांची वजावट आपोआप झाली. पुस्तके घेतली काय, न घेतली काय. खात्याचेही काम हलके झाले. कोणी तक्रार केल्याचा प्रश्नच आला नाही. पण त्या दिवसापासून पुस्तके घेणारा शिक्षक आणि न घेणारा शिक्षक कायद्याच्या दृष्टीने सारखे झाले.

पुढे २००५ च्या वित्त कायद्याने प्रमाणित वजावटच रद्द केली. करमुक्त मर्यादा एक लाखावर नेली असल्याने वेगळी वजावट नको, असा हिशेब होता. १९७४ मध्ये पुस्तकांच्या बदल्यात जे दिले ते २००५ मध्ये काढून घेताना पुस्तके परत आली नाहीत. त्यांची आठवण करून देणारेच कोणी उरले नव्हते. २०१८ मध्ये प्रमाणित वजावट ४०,००० रुपयांची होऊन परतली, ती प्रवासभत्ता आणि वैद्यकीय खर्चाच्या सवलतीच्या बदल्यात. पुढे ती ५०,००० झाली, आणि २०२४ मध्ये नव्या करपद्धतीत ७५,०००. रकमा मोठ्या आहेत, पण त्या कशाच्या बदल्यात दिल्या ते सांगताना पुस्तकाचा उल्लेखही झाला नाही. जुन्या पद्धतीत शैक्षणिक व संशोधन कामासाठी दिलेल्या भत्त्याचा प्रत्यक्ष खर्च झालेला भाग करमुक्त राहतो. पण भत्ता मालकाने दिला पाहिजे. शिक्षकाने आपणहून केलेला खर्च त्यात येत नाही. पुन्हा तेच.

पाचशे रुपयांचा आकडा मात्र आणखी एका रूपात परत आला. सर्व शिक्षा अभियानात शैक्षणिक साहित्यासाठी शिक्षकामागे वर्षाला पाचशे रुपयांचे अनुदान मिळे. कार्डशीट, रंग, मणी, काड्या, दोरे यांतून महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांत जे साहित्य तयार झाले, त्यातले पुष्कळ या पाचशे रुपयांचे आणि त्यावरच्या पदरमोडीचे आहे. हे अनुदान तत्त्वाने वजावटीपेक्षा सरस होते. कराच्या पट्ट्याचा संबंध नाही, हातात पूर्ण पाचशे. आणि ते शिक्षकाच्या नावाने येई, त्याच्या विवेकावर सोपवलेले. २०१८ नंतरच्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळते. शाळेला निधी मिळणे योग्यच, पण शिक्षकाच्या नावाची रक्कम त्यात उरत नाही.

या सगळ्यात एक विसंगती विशेष बोलकी आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याने शिक्षकाच्या पगारातून व्यवसायकर कापला जातो. राज्यघटनेने त्याची मर्यादा आधी वर्षाला २५० रुपये ठेवली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. म्हणजे कर घेताना शिक्षक हा ‘व्यवसाय’ करणारा ठरतो. त्या व्यवसायाचा खर्च मागू लागला की तो नोकर होतो.

मग अमेरिकेसारखी खास वजावट आपणही आणावी का? माझे उत्तर ‘आधी नको’ असे आहे. आपल्याकडे ज्याला पदरमोड सर्वांत जड जाते तो शिक्षक कर भरण्याइतके कमावतच नाही. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये महिना ६,००० वरून १६,००० झाले. वर्षाचे १,९२,००० होतात, म्हणजे जुन्या पद्धतीतल्या अडीच लाखांच्या करमुक्त मर्यादेच्याही आत. विनाअनुदानित शाळांत याहून कमी पैशांवर राबणारे आहेत. त्यांना करसवलत देणे म्हणजे १९६१ च्या गुरुजींना पुस्तकांची वजावट देणे. म्हणून पहिले काम साहित्याचा खर्च शाळेने, म्हणजे सरकारने आणि संस्थेने, वेळेवर उचलण्याचे. दुसरे, शिक्षकाच्या नावाने, त्याच्या निवडीवर सोपवलेली एक रक्कम पुन्हा देण्याचे. एवढे करूनही काही शिक्षक जास्तीचा खर्च करतीलच, कारण हिलबाईंसारखी अधिक चांगली वाट निवडणारी माणसे असतातच. त्यांच्यासाठी तिसरे काम वजावटीचे.

१ एप्रिल २०२६ ही नव्या आयकर कायद्याच्या अंमलाची तारीख, आणि तिथे १९६१ चा कायदा संपतो. सोपी भाषा हे नव्या कायद्याचे उद्दिष्ट आहे. त्यात पगारदारासाठी प्रमाणित वजावट आहे, पुस्तकांची ओळ नाही. ती परत आणायला तिजोरीला फारसा भार पडणार नाही. तोपर्यंत जूनमध्ये शाळा उघडेल, गुरुजी तालुक्याच्या दुकानातून कार्डशीट आणि रंगीत खडू घेतील, दुकानदार पावती करू का म्हणून विचारेल, आणि ते नको म्हणतील. ती दाखवायची कुठे?